जड मल्टिटास्किंगसाठी नवा लॅपटॉप: किती रॅम, कोणती रॅम? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी उघडलेलं काम ज्यांच्या लॅपटॉपवर संध्याकाळपर्यंत बंदच होत नाही, त्यांच्यासाठी हे पान आहे. टॅलीत नोंदी चालू आहेत, बाजूला तीन एक्सेल, क्रोममध्ये जीएसटी पोर्टलसह पंचवीस टॅब, व्हॉट्सअ‍ॅप वेब, आणि तेवढ्यात झूमवर क्लायंट. किंवा इनडिझाइनमध्ये दिवाळी अंकाची पानं, फोटोशॉपमध्ये मुखपृष्ठ आणि मेलमध्ये लेखकांच्या दुरुस्त्या. किंवा प्रोग्रामिंगसाठी अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर (पडद्यावर चालणारा नकली फोन), डॉकर. जुना लॅपटॉप आता रडायला लागला आहे आणि नवा घ्यायचा आहे. अशा वेळी दुकानात आधी प्रोसेसरचं नाव सांगितलं जातं. माझ्या मते पहिला प्रश्न रॅमचा, म्हणजे उघडलेली कामं ज्यात राहतात त्या तात्पुरत्या मेमरीचा हवा, कारण आजच्या बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम पुढे वाढवताच येत नाही. खरेदीच्या दिवशी जी घेतली तीच शेवटपर्यंत.

लॅपटॉप अडकतो, पण कारण रॅमच आहे हे कसं ओळखायचं?

आधी मोजा. मोजण्याचा दिवस मात्र नीट निवडा. महिन्यातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी मोजायचं. जीएसटीचं काम करणाऱ्यांसाठी ११ आणि २० तारखेच्या आधीचे दिवस, डीटीपीवाल्यांसाठी, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्यांसाठी, अंक छपाईला जाण्याचा आठवडा. रिकाम्या रविवारी घेतलेलं माप काही उपयोगाचं नाही.

सगळं नेहमीसारखं उघडं असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. इथे दोन आकडे महत्त्वाचे. ‘इन यूज’ म्हणजे आत्ता खरोखर वापरात असलेली रॅम. ‘कमिटेड’मध्ये दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १४.६/१९.२. त्यातला पहिला म्हणजे सगळ्या प्रोग्रामांनी मिळून मागून ठेवलेली मेमरी. प्रोग्राम बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त मागून ठेवतात, त्यामुळे तो रॅमपेक्षा थोडा जास्त असला तरी घाबरायचं नाही. पण लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे, कमिटेड सतत १३-१४ दाखवतंय, आणि एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाताना डिस्कचा आलेख उसळतोय, असं तिन्ही दिसलं तर रॅम कमी पडतेय यात शंका ठेवायचं कारण नाही.

मेमरी ६० टक्क्यांवर आणि सीपीयू (प्रोसेसर) १०० टक्क्यांवर असेल, तर दुखणं वेगळं आहे. मेमरीत जागा आहे, सीपीयूही निवांत आहे, तरी डिस्क १०० टक्के दाखवत असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका. पंखा जोरात फिरतोय आणि अर्ध्या तासानंतरच वेग पडतोय, असं असेल तर आतली धूळ साफ करून घ्या. एखादा एकच प्रोग्राम दिवसभर मेमरी खात फुगत जात असेल, तर तो त्या प्रोग्रामचा दोष. तो बंद करून पुन्हा उघडला की जागा मोकळी होते.

मॅकवर हेच अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘मेमरी प्रेशर’च्या आलेखात दिसतं. हिरवा असेल तर ठीक, पिवळा म्हणजे ताण सुरू झालाय, लाल म्हणजे कमी पडतेय.

काही विशेष उघडं नसतानाही रॅम ६० टक्के भरलेली दिसते. बिघाड आहे का?

बहुतेक वेळा नाही. विंडोज ११ सुरू होऊन, काहीही न उघडता, साधारण ३ ते ५ जीबी घेतं. ८ जीबीच्या यंत्रावर एवढ्यानेच निम्मी रॅम जाते. शिवाय वारंवार लागणाऱ्या फायली विंडोज रॅममध्ये हाताशी ठेवतं आणि गरज पडली की ती जागा लगेच सोडतं. त्यामुळे ‘रॅम क्लीनर’ नावाचे प्रोग्राम टाकू नका. हाताशी ठेवलेलं ते फेकून देतात आणि पुढच्या वेळी तेच पुन्हा डिस्कवरून आणावं लागतं.

रॅम संपली की आत नेमकं काय होतं?

विंडोज रॅममधला काही भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि तुम्ही त्या खिडकीकडे वळलात की परत आणतं. कामं बंद पडत नाहीत, पण वाट पाहावी लागते. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एनव्हीएमई (सगळ्यात वेगवान प्रकारच्या) एसएसडीला त्यासाठी ५० ते १०० मायक्रोसेकंद, म्हणजे शेकडो पट जास्त. फिरत्या हार्ड डिस्कला ५ ते १० मिलिसेकंद, म्हणजे पन्नास हजार ते एक लाख पट. एसएसडीमुळे रॅमची टंचाई थोडी झाकली जाते एवढंच. ‘एसएसडी वेगवान आहे, ८ जीबी पुरेल’ असं दुकानात सांगितलं तर हे आकडे आठवा.

मग किती घ्यावी? ८, १६, ३२ की ६४?

जड वापरासाठी नवीन लॅपटॉप ८ जीबीचा घेऊ नये, असं मी स्पष्टच सांगतो. तो आजच कमी पडतो आणि लॅपटॉप चार-पाच वर्षं वापरायचा असतो.

१६ जीबी हा आता पाया आहे. टॅली, एक्सेल, वीस-पंचवीस टॅब, मेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि मधूनमधून व्हिडिओ कॉल एवढं काम यात आरामात बसतं. शाळा-कॉलेजातले शिक्षक, लहान ऑफिस, बहुतेक करसल्लागार यांची गरज इथे भागते. फोटोशॉपसाठी अ‍ॅडोबी किमान ८ आणि शिफारस म्हणून १६ जीबी सांगते, पण ती फोटोशॉपपुरती. सोबत इनडिझाइन आणि ब्राउझर असेल तर १६ मध्ये दाटी होते.

३२ जीबी कोणी घ्यावी? ज्यांचं कमिटेड आजच १४-१५ च्या वर जातं त्यांनी. चाळीस-पन्नास टॅब ठेवणाऱ्यांनी, दोन बाहेरचे मॉनिटर जोडून शेअर बाजाराचे चार्ट आणि बाकी काम एकत्र करणाऱ्यांनी, शेकडो पानांचा अंक मोठ्या चित्रांसह लावणाऱ्यांनी, आणि प्रोग्रामिंग करणाऱ्या जवळपास प्रत्येकाने. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह चालवायला गूगलच १६ जीबी किमान मानतं आणि ३२ ची शिफारस करतं. विंडोजवर लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ तर यंत्राच्या निम्म्या रॅमपर्यंत जाण्याची मुभा घेऊनच सुरू होतं. १६ च्या लॅपटॉपवर त्याने ८ घेतली की उरलेल्या ८ मध्ये विंडोज, ब्राउझर आणि एडिटर. ही मर्यादा डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये कमी करता येते, पण मग डॉकरमधले कंटेनर तक्रार करतात.

६४ जीबी म्हणजे एकाच वेळी अनेक व्हर्च्युअल मशीन (यंत्राच्या आत चालणारी नकली यंत्रं), ४के दर्जाच्या वरचं व्हिडिओ संपादन, किंवा मोठी एआय मॉडेलं घरच्याच यंत्रावर चालवणं. आपल्याला लागते का असा प्रश्न पडत असेल तर बहुधा लागत नाही.

स्वतःसाठी आकडा काढायचा सोपा मार्ग: गर्दीच्या दिवशी मोजलेल्या कमिटेडची दीडपट करा आणि त्याच्या वरचा बाजारात मिळणारा आकडा घ्या. ११ मोजलं तर साडेसोळा येतात, म्हणजे २४ किंवा ३२ कडे पाहा. ९ मोजलं तर १६ पुरे. मात्र सध्याचं यंत्र इतकं अडकत असेल की तुम्ही स्वतःच टॅब बंद करत काम करता, तर मोजलेला आकडा तुमच्या खऱ्या गरजेपेक्षा कमी असणार. हात आवरून काम करणाऱ्यांनी एक पायरी वर जावं.

‘नंतर वाढवू’ म्हणून आत्ता कमी घेतली तर?

खरेदीतले सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून हे नीट वाचा.

लॅपटॉपची रॅम दोन प्रकारे बसवलेली असते. एकात मदरबोर्डवर स्लॉट असतो आणि त्यात सोडिम नावाची छोटी पट्टी बसते. ती काढता-घालता येते. दुसऱ्यात रॅमच्या चिप बोर्डवर थेट सोल्डर केलेल्या असतात. त्या गल्लीतला कारागीर बदलून देत नाही. काही यंत्रांत ८ जीबी सोल्डर आणि शिवाय एक स्लॉट असा मिश्र प्रकार असतो.

ओळखायचं कसं? तपशिलात ‘एलपीडीडीआर’ (कमी वीज खाणारी रॅम) लिहिलेलं असेल तर जवळजवळ नक्की सोल्डर. नुसतं ‘डीडीआर५’ किंवा ‘डीडीआर४’ (साध्या रॅमच्या पिढ्या) असेल तर स्लॉट असण्याची शक्यता जास्त, पण खात्री नाही. काही ठिकाणी साधी डीडीआर४ सुद्धा बोर्डवर सोल्डर केलेली असते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत रॅम थेट प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते, १६ किंवा ३२ जीबी, वाढवायला जागाच नाही. अ‍ॅपलच्या २०२० च्या एम१ पासूनच्या सगळ्या मॅकबुकचंही तेच. दुकानात मांडून ठेवलेलं यंत्र चालू असेल तर टास्क मॅनेजरमधल्या मेमरीच्या पानावर ‘फॉर्म फॅक्टर’ पाहा. ‘सोडिम’ दिसलं तर पट्टी आहे, ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर सोल्डर. त्याच पानावर किती स्लॉटपैकी किती भरले आहेत तेही लिहिलेलं असतं. ऑनलाइन घेणार असाल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवा. मागचं झाकण उघडल्याची चित्रं त्यात असतात, वाद उरत नाही.

एलपीडीडीआर वाईट असते असं अजिबात नाही. ती वेगवान असते आणि बॅटरी कमी खाते. फक्त ती घेताना पाच वर्षांनंतरची गरज आजच विकत घ्यायची असते. पैसे कमी असतील तर रिकामा स्लॉट असलेला थोडा जाड लॅपटॉप १६ जीबीसह घ्या. तो पातळ १६ जीबीपेक्षा शहाणा सौदा आहे.

जुन्या लॅपटॉपची रॅमची पट्टी नव्यात चालेल का?

दोन्हीकडे एकाच पिढीची रॅम असेल तरच. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या पट्ट्यांची खाच वेगळ्या ठिकाणी असते, त्या एकमेकींच्या स्लॉटमध्ये बसतच नाहीत. जोर लावू नका.

१६ ची एक पट्टी चांगली की ८-८ च्या दोन?

दोन पट्ट्या असतील तर ड्युअल चॅनल मिळतो आणि मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये फरक ठळक जाणवतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. इंटेलचं आयरिस एक्सई ग्राफिक्स एकाच पट्टीवर असेल तर विंडोजमध्ये ते खालच्या दर्जाचं यूएचडी ग्राफिक्स म्हणून दिसतं.

तरीही दोनच स्लॉट असताना, पुढे ३२ करायचा विचार असेल, तर आज १६ ची एक पट्टी घ्या आणि नंतर दुसरी १६ घाला. ८-८ घेतल्यात तर ३२ करताना दोन्ही काढून टाकाव्या लागतात. बोर्डवर ८ आणि स्लॉटमध्ये १६ असे २४ जीबी झाले तरी यंत्र नीट चालतं. बहुतेक भाग ड्युअल चॅनलमध्ये चालतो, उरलेला थोडा हळू. रोजच्या कामात कळतही नाही.

८ जीबी लिहिलंय, पण ‘७.३ जीबी यूजेबल’ दाखवतं. फसवणूक झाली का?

नाही. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी काही रॅम आधीच बाजूला काढलेली असते. काही मॉडेलांत अर्धा जीबी, काहींत २ जीबीपर्यंत. १६ जीबीच्या हिशेबातही ही वजावट धरा.

दुकानदार म्हणाला, ‘५१२ जीबी मेमरी आहे, आणखी काय पाहिजे?’

ते स्टोरेज, म्हणजे एसएसडी. फायली तिथे राहतात. एका वेळी किती कामं उघडी राहतील हे त्यावरून ठरत नाही. बिलावर रॅम आणि एसएसडी वेगवेगळ्या लिहून घ्या.

मॅकचे ८ जीबी म्हणजे विंडोजचे १६, असं म्हणतात. खरं आहे का?

हे मला पटत नाही. मॅकओएस रॅममधला मजकूर दाबून कमी जागेत बसवतं आणि गरज पडली की वेगवान एसएसडीकडे वळतं, पण विंडोज १० पासून विंडोजही मेमरी तशीच दाबतं. दोनशे एमबीचं चित्र दोन्हीकडे तेवढीच जागा मागतं. अ‍ॅपलनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची आणि एम४ मॅकबुक प्रोची सुरुवात १६ जीबीपासून केली. जुन्या साठ्यातला ८ जीबीचा मॅकबुक स्वस्तात मिळत असेल तर जड कामासाठी तो सोडून द्या.

पैसे मर्यादित आहेत. वरचा प्रोसेसर घ्यावा की जास्त रॅम?

मल्टिटास्किंगसाठी रॅम. मधला प्रोसेसर आणि ३२ जीबी हे यंत्र, भारी प्रोसेसर आणि ८ जीबी असलेल्या यंत्रापेक्षा दिवसभरात जास्त काम देईल. मेमरी संपली की भारी प्रोसेसरही डिस्ककडे डोळे लावून थांबतो. याला अपवाद व्हिडिओ रेंडरिंग आणि मोठे कोड कंपाइल करणाऱ्यांचा. त्यांना दोन्ही लागतं.

१६ जीबी असूनही मोठ्या एक्सेल फाइलवर ‘मेमरी कमी आहे’ असा संदेश येतो. का?

बहुधा तुमचं एक्सेल ३२-बिट आहे. ते ६४-बिट विंडोजवरही ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, मग यंत्रात ६४ जीबी असो. एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल असं गेल्यावर कोणतं आहे ते दिसतं. ६४-बिट टाकून घेण्याआधी जुनी अ‍ॅड-इन (एक्सेलला जोडलेले छोटे प्रोग्राम) त्यावर चालतात का ते पाहा. नवा लॅपटॉप घेण्याचं एवढंच कारण असेल तर तुमचे पैसे वाचले.

टॅब कमी करणं जमत नाही. काही उपाय?

क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ चालू करा, एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्स’. बराच वेळ न पाहिलेले टॅब झोपवले जातात आणि क्लिक केलं की पुन्हा उघडतात. जीएसटी किंवा आयकर पोर्टल, बँक आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब यांना अपवादाच्या यादीत घाला, नाहीतर अर्धवट भरलेला फॉर्म पुन्हा भरावा लागेल. कोणता टॅब किती खातो हे क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबून कळतं.

‘एआय पीसी’ घ्यायला हवा का?

त्या नावासाठी म्हणून नको. मात्र मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसी या शिक्क्यासाठी किमान १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी लागते, त्यामुळे तो शिक्का असलेलं यंत्र ८ जीबीचं नसणार एवढी खात्री मिळते. घरच्या यंत्रावर भाषेचं मॉडेल चालवायचं असेल, तर ७-८ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलच्या आतल्या आकड्यांचं), ४-बिटमध्ये आणून लहान केलेलं मॉडेल एकटंच ४ ते ५ जीबी घेतं. ते तुमच्या मोजलेल्या आकड्यात मिळवा.

नवा न घेता जुन्यालाच रॅम घातली तर?

स्लॉट मोकळा असेल आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल, तर आधी हेच करा. १६ जीबीची पट्टी आणि एसएसडी घालून अशी यंत्रं आणखी दोन-तीन वर्षं मानाने काम करतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या विश्वासाच्या दुरुस्तीवाल्याकडे समोर बसून हे काम होतं. यंत्र त्याहून जुनं असेल तर विचार बदला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. लोकांचे पॅन, आधार आणि बँकेचे तपशील ज्या यंत्रावर असतात, ते सुरक्षा-दुरुस्त्यांशिवाय चालवू नये.

रॅमचे भाव उतरेपर्यंत थांबू का?

२०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव चढले, कारण चिप बनवणारे कारखाने एआय डेटा सेंटरांच्या मेमरीकडे वळले. अडलेलं काम असेल तर थांबू नका. स्लॉट असलेला लॅपटॉप घेतला तर दुसरी पट्टी नंतर सावकाश घेता येते, हा त्याचा आणखी एक फायदा.

रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला आणि दुरुस्त करून पुन्हा विकला जाणारा लॅपटॉप घ्यावा का?

ऑफिसांतून निघालेले लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक चांगले बांधलेले असतात आणि त्यांतल्या अनेकांना स्लॉट असतो. त्याच मालिकेतल्या पातळ मॉडेलांना नसतो, म्हणून पूर्ण मॉडेल क्रमांक तपासा. बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) पासवर्ड नाही ना, आधीच्या कंपनीचं रिमोट लॉक उतरवलंय ना, बॅटरी किती उरलीय, हे समोर पाहून घ्या. बिल आणि लेखी वॉरंटी नसेल तर घेऊ नका.

घरी आणल्यावर काय तपासायचं?

परत करण्याची मुदत संपायच्या आत टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा आकडा, वेग आणि स्लॉट बिलाशी जुळवा. विंडोजमधली ‘मेमरी डायग्नोस्टिक’ चाचणी एकदा रात्री लावून ठेवा. मग तुमचा सगळ्यात जड दिवस मुद्दाम उभा करा: सगळे प्रोग्राम, सगळे टॅब, वर व्हिडिओ कॉल. व्यवसायासाठी घेतला असेल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक आहे ना पाहा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो आणि क्रमांक नसेल तर त्याचं क्रेडिट मिळवताना अडचण येते.

जुन्यावरून नव्यावर जाताना काय विसरतं?

टॅलीचा परवाना. जुन्या यंत्रावर तो सरेंडर करा आणि मग नव्यावर चालू करा. डेटाचा बॅकअप वेगळा, तो आधी. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर नव्या यंत्रावर टाकून एकदा सही करून पाहा, रिटर्नच्या शेवटच्या तारखेला हे शोधायची वेळ येऊ देऊ नका. डीटीपीवाल्यांनी जुने, युनिकोड नसलेले मराठी फाँट आणि त्यांचे परवाने जपून न्यावेत, नाहीतर जुने अंक उघडल्यावर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. नव्या विंडोजमध्ये ड्राइव्ह बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होतो, तो उघडणारा आकडा, म्हणजे बिटलॉकर रिकव्हरी की, कागदावर लिहून घरात ठेवा.

जुना लॅपटॉप महिनाभर तसाच राहू द्या. त्या महिन्यात नव्यावर एकदा तरी पूर्ण रिटर्न भरून झालं, किंवा एक अंक छापायला गेला, की मग ‘रीसेट धिस पीसी’मध्ये सगळं काढून टाकण्याचा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा, आणि त्यानंतरच तो विका किंवा कोणाला द्या.